पडलेल्या पानावर पाय

आधी खोक्याबद्दल सांगते. नाहीतर मी सवयीप्रमाणे शेवटच आधी सांगून टाकीन आणि मग तुम्ही विचारत बसाल, हे कुठे घडलं, ती कोण.

तर शिकागोत, आमच्या घरापासून बसने थोडंसंच लांब, एक जुना पोलिश हॉल होता. बाहेरून साध्या विटांचा, शेजारी टायरचं दुकान, आत मात्र खरंखुरं थिएटर! लाल मखमलीचा पडदा, कडेने विटलेला, आणि लाकडी स्टेज, चाललं की बोलणारं. स्टेजच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यभागी, एक लाकडी टोपण होतं. खुर्च्यांकडून बघितलं तर कोणीतरी मोठ्ठं सूप उपडं घालून ठेवलंय असं वाटायचं. त्या वर्षी आमच्या मंडळाला गणपतीच्या नाटकासाठी नेहमीची शाळा मिळाली नव्हती, तिथे रिनोव्हेशन चालू होतं, म्हणून आई, बाबा आणि मी हा हॉल बघायला गेलो होतो. मी तेव्हा सोळाची. बाबा दमून त्या टोपणावर टेकले, आणि त्यांच्या खालून, अक्षरशः खालून, आवाज आला, "नॉट अ चेअर!"

बाबा असे उडाले की विचारू नका. टोपणाच्या आतून, स्टेजच्या बाजूने, एक पांढरं डोकं वर आलं, मग खांदे, मग धूळ पुसायचं फडकं. ही हालिना आजी. ऐंशीच्या आसपासची, हॉलच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि आवाज असा की माइकची गरजच नाही. ती म्हणाली होती मला पानी हालिना म्हणा, पोलिशमध्ये पानी म्हणजे बाई. पण आमच्या मंडळातल्या श्रोत्री काकांनी तिथल्या पहिल्याच तालमीला "पानी, जरा पानी मिळेल का?" असा जोक मारला आणि तिला तो कळला नाही, म्हणून आईने लाजून तिची आजी करून टाकली.

ते खोकं प्रॉम्प्टरचं होतं. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो, त्यांच्याकडे तो असा खड्ड्यात बसायचा, प्रेक्षकांकडे पाठ करून, डोकं नटांच्या पायांच्या लेव्हलला. आत एक स्टूल, एक दिवा, स्क्रिप्ट ठेवायला उतरती फळी. मी पहिल्यांदा आत बसले आणि वर बघितलं तर आईचे फक्त सँडल आणि हनुवटी दिसत होती. मला वेडच लागलं. अजूनही, आता रेडमंडच्या ऑफिसात मोठ्या मीटिंगला बसले की मला वाटतं, टेबलाखाली एक खड्डा हवा होता यार, आणि त्यात मी.

आता आमच्या घराचं सांगते. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, आणि ऑगस्ट लागला की ते आमचं राहायचंच नाही. दर रविवारी लिव्हिंग रूममधला सोफा बाल्कनीकडे सरकायचा आणि तिथे तालीम. किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या, बाहेर कोणीतरी "हे बघा, मी चाललो, मी आता परत येणार नाही" म्हणून बाथरूमच्या दाराकडे तरातरा जातंय, खालच्या मजल्यावरचा माणूस झाडूच्या दांड्याने छत ठोकतोय. आई नागपूरची. तिला वाटायचं की नाटकवाल्यांना जेवायला घातलं नाही तर डायलॉग पाठ होत नाहीत. म्हणून शनिवारी आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर. पार्किंगसाठी बाबा गोल गोल फिरणार, आई चालत्या गाडीतून उतरल्यासारखी उतरणार, कोथिंबीर, पोहे, मिरच्या, आणि परत येताना बाबांनी गुपचूप घेतलेल्या जिलेबीचा वास सगळ्या गाडीत. नाटक आईच लिहायची, दर वर्षी. दर वर्षी त्यात एक नवीन आलेलं जोडपं असायचं, एक बर्फ असायचा आणि एक न मिळणारा कढीपत्ता. लोक हसायचे. मी स्टेजवर कधीच नव्हते. माझं मराठी कळण्यापुरतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे, आणि आमचं छान चाललं होतं.

हॉल मिळाल्यावर मात्र मी शाळेतून थेट तिथे जायला लागले. खोक्यासाठी! आणि हालिना आजी बोलायची. तिचं इंग्लिश तुकड्यातुकड्यांचं, पण सांगायची अशी की समोर दिसायचं. तिच्या गावात, पोलंडमध्ये नदीकाठी, एक थिएटर होतं. तिच्या आजीच्या तरुणपणी त्या भागावर परक्यांचं राज्य. शाळेत पोलिश बोलायचं नाही, कचेरीत बोलायचं नाही, दुकानावरच्या पाटीवर लिहायचं नाही. एकच जागा होती जिथे मोठ्याने पोलिश ऐकू यायचं, ती म्हणजे स्टेज. आणि तेही सरकारी शिक्का मारलेल्या स्क्रिप्टचं. मग गावाने ठरवलं, आपलं थिएटर आपण बांधायचं. राजा नाही, सावकार नाही. चांभाराने दिलं, बेकरीवाल्याने दिलं, बायकांनी बाजारात अंडी विकून दिलं, ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने विटा वाहिल्या. म्हणून ते पब्लिकचं थिएटर. "लोक नाटकाला नाही येत होते," हालिना आजी म्हणायची, "लोक भाषेत बसायला येत होते. जसं हिवाळ्यात शेकोटीपाशी."

आणि हे ऐका, हे भारी आहे. मागच्या रांगेत एक पोलीस बसायचा. त्याच्या हातात सरकारी प्रत. नटाने एक शब्द जरी इकडचा तिकडे केला तरी प्रयोग बंद! म्हणून सगळ्यात मोठं माणूस कोण? हिरो नाही, हिरोइन नाही, खड्ड्यातली प्रॉम्प्टर. थिएटरकडे शिक्क्याची एकच प्रत, ती तिच्या हातात. हालिना आजीची आजी प्रॉम्प्टर होती. मग आई. मग ती स्वतः, कारण राज्यं बदलली तरी शिक्का राहिला. मध्ये दुसरं महायुद्ध झालं, थिएटरच्या खुर्च्या लोकांनी थंडीत जाळून टाकल्या, छप्पर अर्धं गेलं. युद्ध संपल्यावर पहिल्या प्रयोगाला गावातला प्रत्येक माणूस घरून आपापली किचनमधली खुर्ची घेऊन आला. ती तेव्हा छोटी होती, आईच्या पायांशी खड्ड्यात बसलेली, आणि तिला आठवतो तो फक्त आवाज, शेकडो खुर्च्या एकदम जमिनीवर टेकल्याचा.

"आता आहे का ते थिएटर?" मी विचारलं.

"आहे ना. नवीन आहे, काचेचं आहे, सुंदर आहे. भाचीने फोटो पाठवला." मग फडकं झटकत म्हणाली, "खोकं काढून टाकलं. आता कानात मशीन घालतात."

त्या दिवशी घरी येऊन मी हे सगळं आईला सांगितलं. मराठीत! कारण मी इंग्लिशमध्ये बोलायला लागले की आई मध्येच फोन बघते, आणि मला तिने फोन बघायला नको होता. शब्द अडत होते, मी "ते... अगं ते... स्टॅम्प!" करत होते, आई पोळ्या लाटत होती, आणि मध्ये तिचं लाटणं थांबलं. तवा धुरकटला. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "कढीपत्ता गेला खड्ड्यात. हेच नाटक करायचं."

श्रोत्री काका काय म्हणाले असतील? काका म्हणजे आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने, हार्टचे डॉक्टर, आता रिटायर्ड, आणि दर वर्षीचे मेन ॲक्टर. "सुनीता, गणपतीत पोलंड? लोक मोदक खायला येणार आणि आपण त्यांना पोलीस दाखवणार?"

"काका, मॅनेजरचा रोल तुमचा आहे. त्याला मोठ्या मिशा आहेत."

काकांनी ओठावरून बोट फिरवलं. "किती मोठ्या?"

झालं, ठरलं. आणि प्रॉम्प्टर मुलगी मी! आईने मला विचारलंसुद्धा नाही, नुसतं स्क्रिप्ट हातात दिलं. देवनागरीत. मी अक्षर अक्षर लावत वाचायचे, बसमध्ये, लंचमध्ये. हालिना आजी खसखशीचा गोल गोल रोल घेऊन तालमीला यायची. आई एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "अगं, हे तर अनारशाचं सासर!" आजीनेही आईची करंजी हातात फिरवून बघितली. "पिएरोगी," म्हणाली, म्हणजे त्यांची उकडलेली करंजी, "पण गोड. आणि कोणीतरी जास्त शिकलेल्याने केलेली." दोघी एकमेकींना रेसिपी सांगायच्या आणि मध्ये मी ट्रान्सलेटर, घामाघूम.

आता घोळ. नाटकाच्या शेवटी पोलीस प्रयोग थांबवतो. म्हणतो, नट शिक्क्याबाहेरचं बोलला. तेव्हा प्रॉम्प्टर मुलगी खड्ड्यातून वर येते, हातात ते पान, सगळ्यांसमोर वाचून दाखवायला की हे सगळं यात आहे. घाबरून तिच्या हातातून पान पडतं. आणि हालिना आजीच्या थिएटरचा नियम असा, स्क्रिप्ट पडलं की उचलायचं नाही. आधी त्याच्यावर पाय ठेवायचा! दाबून! मगच उचलायचं. पोलिश नट आजही करतात म्हणे. आईने तसंच लिहिलं होतं.

पहिल्यांदा आम्ही तो सीन केला, मी पान टाकलं, चप्पल उचलली, आणि लिव्हिंग रूममध्ये सगळे एकदम "अगंऽऽ!" अनुजा काकूंनी तर डोळेच मिटले. कारण आईची सवय. ती जे काही लिहिते, किराणाची यादीसुद्धा, वर आधी 'श्री' लिहिते. त्या पानावर पण होतं, ठसठशीत.

"सुनीता, हे चालणार नाही," श्रोत्री काका म्हणाले. ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "गणपतीसमोर मुलगी श्रीवर पाय देणार?"

"श्री काढते मी, काका."

"श्री काढलंस तरी कागदच ना तो. अक्षरं आहेत त्यावर. पन्नास वर्षं झाली मला या देशात, यांचे बूट घालून यांच्या बर्फात चाललो, पण पुस्तकाला पाय लागला तर आजही हात आपोआप खाली जातो. तेवढं ठेवू द्या आम्हाला."

आईने स्क्रिप्ट मिटलं. खरं सांगायचं तर माझाही हात जातो. चार वर्षांची असताना बाबांच्या लॅपटॉपला पाय लागला तर मी लॅपटॉपला नमस्कार केला होता. मग असं ठरलं, पान पडेल, मुलगी ते उचलेल, कपाळाला लावेल आणि वाचेल. सगळे खूश. हालिना आजीला सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हीच आमची चूक! आम्हाला वाटलं आम्ही तो सीन आणखी छान केला.

शुक्रवारी रंगीत तालीम. हॉलमध्ये, कपड्यांसकट, काकांच्या मिशांसकट. हालिना आजी पहिल्या रांगेत, गळ्यात मण्यांची माळ, केस कर्ल केलेले, जसा तिचाच प्रयोग आहे. भाषा कळत नव्हती पण प्रत्येक सीन कळत होता, खुर्च्यांच्या सीनला ती रडली. मग शेवट आला. मी पान टाकलं. उचललं. कपाळाला लावलं.

"नो," ती म्हणाली.

ती उठून स्टेजजवळ आली. "पाय कुठे आहे?"

आईने समजावलं, मी समजावलं, काकांनी मिशी काढून हातात धरून समजावलं. आमच्याकडे कागद म्हणजे देवी, पाय म्हणजे अपमान. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं आम्ही लाथ मारत होतो? खड्डा दारासमोर. दार उघडलं की वारा. एकच प्रत, एकच शिक्का. पान उडालं तर पोलीस म्हणणार, दाखव, आणि दाखवायला काही नाही. थिएटर बंद. हात खाली जायला वेळ लागतो. पाय तिथेच असतो. माझी आजी पायाने पान पकडायची, माझी आई पण, मी पण. आम्ही तीन बायकांनी पायाने थिएटर धरून ठेवलं." तिचा आवाज पहिल्यांदा लहान झाला. "तिकडे खोकं काढून टाकलं. इकडे तुम्ही पाय काढून टाकला. तुमचं नाटक चांगलं आहे. पण ते तुमचं आहे. माझं थिएटर यात नाही. किल्ली मी उद्या शेजारी टायरच्या दुकानात ठेवते. मी येणार नाही."

आणि गेली. टक टक टक, मधल्या वाटेने.

गाडीत मी मागे बसून रडत होते, आणि बाबा आरशातून बघत म्हणाले, "मुक्ता, उद्या तू काय करणार?" मी म्हटलं, "आय डोन्ट नो." आई पुढून म्हणाली, "मी लेखिका आहे, मलाच माहीत नाही, तिला काय विचारता." मग पर्समधून फोन काढत, "पण मी आजीला फोन करते. न बोलता शो नाही करायचा मला."

आईने फोन केला, आजीने उचलला नाही. सकाळी परत, तरी नाही. शेवटी मी मेसेज टाकला, की प्लीज या, शेवट आवडला नाही तर मध्येच उठून जा, आम्ही काही म्हणणार नाही. उत्तर नाही.

शनिवारी दुपारी हॉल भरलेला, अत्तर, गजरे, रडणारी बाळं. मी खोक्यात बसले तेव्हा प्रेक्षकांकडे माझी पाठ, त्यामुळे ती आलीय का कळायला मार्गच नव्हता. मी नटांच्या पायांना विचारत होते! काकांचे बूट जवळ आले की मी हळूच, "आली का?" आणि काका मॅनेजरच्या रुबाबात, मिशीआडून, "लाइट डोळ्यावर आहे गं!" तिसरा अंक तसाच गेला. पोलीस झालेल्या बाबांनी शिट्टी मारली. प्रयोग थांबला. मी पान घेऊन वर आले.

आता हे महत्त्वाचं आहे. शेवटचं मोठं भाषण मी पाठ केलंच नव्हतं. कॅरेक्टर वाचतंच तर आहे, मीही वाचीन, असा माझा शहाणपणा. म्हणजे माझ्या हातात ते पान होतं ते प्रॉप नव्हतं, खरं होतं. मी ठरल्याप्रमाणे हात थरथरवला आणि पान सोडलं. आणि त्याच क्षणी कोणीतरी बटाटेवड्यांचे ट्रे आत आणायला बाजूचं दार सताड उघडलं. शिकागोचा वारा! पान जागेवर थांबलंच नाही. ते सरपटत, गिरक्या घेत, थेट खोक्याच्या खड्ड्याकडे, पुढे अंधार. माझ्या डोक्यात ना पोलंड होतं, ना श्री, ना कोणाचं मन. एवढंच होतं की ते गेलं तर माझ्या तोंडातून एक शब्द निघणार नाही.

पाय गेला. थाडकन. स्टेज वाजलं.

मागून एका बाईचा आवाज, "अगं बाई, पाय!" मी पुतळा झाले. पान माझ्या चपलेखाली फडफडत होतं, 'श्री'चं वरचं टोक बाहेर दिसत होतं, आणि मला पाय उचलताही येईना, कारण दार अजून उघडंच. मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत होते, मिशी एका बाजूने सुटलेली. त्यांचा चेहरा मला आजही वाचता येत नाही. मग ते चालत आले, मॅनेजरसारखे, सावकाश, आणि स्क्रिप्टमध्ये कुठेच नसलेलं वाक्य बोलले.

"धरून ठेव, पोरी. सोडू नकोस."

आणि त्या म्हाताऱ्या माणसाने आपला चकचकीत बूट पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला.

दार बंद झालं. वारा थांबला. मग आमच्या दोघांचे हात, कोणी न सांगता, एकदम खाली गेले, पाय लागला म्हणून नमस्कार करायला. आणि दोघांची डोकी अशी आपटली की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं! काकांची मिशी पडली. हॉल फुटला हसून. मी कपाळ चोळत पान उचललं, आणि त्या हसण्यावरच वाचायला लागले. अडखळत, अक्षर लावत, मराठीत. हळूहळू हसणं थांबलं. वाचून झालं तेव्हा कोणी टाळी वाजवण्याआधी पुढून, डाव्या बाजूने, दुसराच आवाज आला. कोणीतरी पाय आपटत होतं. एक पाय, जोरजोरात.

ती आली होती. मागाहून कळलं, पहिल्या अंकापासून होती, बाजूच्या दाराशी उभी, कोट न काढता, उठून जायच्या तयारीत.

प्रयोगानंतर स्टेजवर गर्दी, मोदक, फोटो. हालिना आजी त्या सगळ्यातून वाट काढत काकांसमोर उभी राहिली. काका ओशाळून म्हणाले, "सॉरी मॅडम. हेड्स... नॉट इन स्क्रिप्ट."

तिने आधी त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं, मग माझं. बोटाने दाबूनही बघितलं, डॉक्टर तीच असल्यासारखं.

"आमच्या थिएटरमध्ये हे नव्हतं," ती म्हणाली. "पण ठेवा."